फ्लीसची बंडी कशी निवडावी

गेल्या वर्षीं डिसेंबरांत आमच्या शाळेच्या बालवीर पथकाची सहल कळसूबाईच्या शिखरावर नेण्याचें ठरलें, तेव्हां वसतिगृहांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, ही फ्लीसची बंडी म्हणजे लोकरीचीच ना?" आम्ही त्या वेळीं वर्गणीच्या हिशेबांत गुंतलों होतों. मान वर न करितां आम्हीं "होय, लोकरीचाच एक प्रकार" असें सांगितलें आणि पुढील नांव लिहावयास घेतलें. हा लेख म्हणजे त्या एका उत्तराची दुरुस्ती होय. चार शब्दांच्या चुकीस इतकीं पानें कां लागावीं, हें वाचकांस पुढें कळून येईल.

चुकीचें मूळ शब्दांत आहे. मेंढीच्या अंगावरून एकसंध कातरून काढलेल्या लोकरीस इंग्रजींत 'फ्लीस' म्हणतात. शास्त्यांच्या पुस्तकांतील गिदोनाची गोष्ट आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यानें रात्रीं खळ्यांत ठेविलेली लोकर सकाळीं पिळली, तों तींतून वाटीभर पाणी निघालें व भोंवतालची जमीन कोरडी राहिली. तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. दुसऱ्या रात्रीं जमीन भिजावी व लोकर कोरडी राहावी, असें त्यानें मागितलें. त्याची ही दुसरी मागणी आम्हांस मोठी चतुराईची वाटते, कारण लोकर दंव पिते हें खळ्यावर निजणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असतें. दुकानांत मिळणाऱ्या फ्लीसचा स्वभाव नेमका उलटा. तिचा तंतु पाणी पीत नाहीं. तंतूंच्या मधल्या जागेंत अडकेल तेवढेंच पाणी तींत राहतें, व त्यांतील पुष्कळसें झटकल्यानें निघून जातें. १०० ग्रॅम कोरडी लोकर साधारण दमट हवेंतून सुमारें १६ ग्रॅम ओल ओढून घेते, कापूस सुमारें ८ ग्रॅम घेतो, आणि ही फ्लीस अर्धा ग्रॅमही घेत नाहीं. ती मेंढीच्या अंगावरची नव्हेच. ती खनिज तेलापासून केलेल्या पॉलिएस्टर नांवाच्या धाग्याची आहे. प्रवासांत आपण पाण्याची जी बाटली विकत घेतों ती, आणि आजोबांच्या पेटींतील टेरिलिनचा सदरा, हीं दोन्ही त्याच पदार्थाचीं रूपें होत.

हा धागा १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या दोघा रसायनज्ञांनीं शोधून काढला. त्याची लवदार फ्लीस मात्र पुष्कळ उशिरा झाली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांत लॉरेन्स नांवाचें गिरण्यांचें गांव आहे. तेथील माल्डन मिल्सनें १९७९ च्या सुमारास पॅटागोनिया या कंपनीच्या साह्यानें हें कापड बाजारांत आणिलें. प्रथम धाग्याचें विणकाम करितात, मग बारीक तारांच्या दांत्यांचे रूळ त्यावरून फिरवून धाग्याचे फांसे वर ओढतात व ती लव सारखी कातरतात. १९९३ पासून वापरलेल्या बाटल्या वितळवूनही असें कापड होऊं लागलें. या गिरणीची एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ११ डिसेंबर १९९५ रोजीं ती आगींत जळाली. तिचे मालक आरन फॉयरस्टीन यांनीं काम बंद असतांनाही आपल्या हजारों कामगारांस कित्येक आठवडे वेतन चालू ठेविलें. पुढें २००१ सालीं गिरणीचें दिवाळें निघालें, हेंही खरें. परंतु उचल देऊन माणूस बांधून घेणारे आमच्या मुलखांत पुष्कळ पाहावयास मिळतात. काम नसतां वेतन देणारा विरळा.

आतां ही बंडी ऊब देते म्हणजे काय करिते? कापडांत स्वतःची ऊब नसते. ऊब आपल्या शरीराची. कापडाचें काम ती पळूं न देण्याचें. लवेच्या तंतूंमध्यें हवा अडकून स्थिर राहते, व स्थिर हवा उष्णतेस सहसा वाट देत नाहीं. पाणी मात्र हवेच्या सुमारें पंचवीसपट वेगानें उष्णता वाहून नेतें. म्हणून घामानें भिजलेला सुती बनियन अंगावर असला, तर वरून कितीही महाग बंडी घाला, पाठ गार पडते ती पडतेच. हें पाहण्यास प्रयोगशाळा नको. एकाच मापाच्या दोन तांब्यांत सारखें ऊन पाणी घ्यावें. एकास कोरडें फ्लीसचें कापड व दुसऱ्यास ओला बनियन गुंडाळावा, आणि अर्ध्या तासानें दोहोंत बोट घालून पाहावें. मग हाच प्रयोग फिरत्या पंख्याखालीं पुन्हां करावा. तेव्हां कोरडी फ्लीसही हरूं लागते. कारण तिची जाळी उघडी असते, वारा आरपार जातो, आणि अडकून बसलेली हवा तो घेऊन जातो. ओल, वारा आणि आग हे फ्लीसच्या वाटेंतील तीन चोर. त्यांपैकीं पहिल्याशीं तिचें बरें जमतें, कारण ती लवकर वाळते, दुसऱ्यासाठीं तिला सोबत लागते, तिसऱ्याविषयीं पुढें.

बंडी निवडण्यापूर्वीं आपली थंडी ओळखावी. हिमालयांतील थंडी वेगळी, आमची वेगळी. बीड जिल्ह्यांत हिंवाळ्यांतील कित्येक पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, आणि त्याच दिवशीं दुपारीं तो २८–३० अंशांवर चढतो. म्हणजे आमची थंडी पहाटेची व रात्रीची; सूर्य वर आला कीं ती पळते. येथें बाह्यांचा जाड कोट दहा वाजल्यानंतर ओझें होतो. बंडी काढून घडी करून दप्तरांत किंवा सायकलीच्या कॅरिअरला लावतां येते. शिवाय छाती व पोट उबदार राहिलें म्हणजे शरीर हातांकडील रक्त आंखडून घेत नाहीं. बाह्या नसूनही बोटें पुष्कळ वेळ काम देतात. कोयता, दोर, सायकलीचा दांडा, रात्रीं दारें धरतांनाचें फावडें, यांतील कोणतेंही हातांत घेणाऱ्यास मोकळे हात हीच बंडीची मोठी सोय. एका जागीं बसून रात्रभर राखण करणाऱ्यास मात्र ती पुरी पडत नाहीं. त्यानें बाह्यांचें वस्त्र घ्यावें किंवा वरून पांघरूण घ्यावें.

जाडीविषयीं आम्हीं स्वतः ठोकर खाल्ली आहे. फ्लीसची जाडी एका चौरस मीटर कापडाच्या वजनावरून सांगतात. १००, २०० व ३०० ग्रॅम असे ढोबळ तीन प्रकार होत. सहलीसाठीं आम्हीं सर्वांत जाड त्या बंड्या निवडल्या. मुलांस थंडी बाधूं नये, हाच हेतु. कळसूबाई १६४६ मीटर उंच, बीड सुमारें ५०० मीटरांवर. दर हजार मीटरांस सुमारें साडेसहा अंश या हिशेबानें शिखरावर आपल्या गांवाहून सात अंश अधिक थंडी असावयाची. हिशेब बरोबर होता, निवड चुकली. बारी गांवाहून पहाटे चढावयास लागल्यावर पहिल्या लोखंडी शिडीपर्यंतच मुलें घामाघूम झालीं. कोणी बंडी काढली, कोणी संकोचानें तशीच ठेविली. वरच्या लहानशा देवळाजवळ पोहोंचलों तेव्हां वाऱ्यानें ओले बनियन बर्फासारखे लागूं लागले, आणि ज्यांनीं बंडी काढली नव्हती तेच अधिक कुडकुडले. त्या जाड बंड्यांतून वारा सुखेनैव जात होता. एका मुलानें घरून वडिलांचा साधा रेनकोट आणिला होता. तो त्यानें बंडीवर चढविला व तो एकटाच शेंगदाणे खात स्वस्थ बसला. त्या दिवसापासून आमचें मत असें झालें आहे कीं चालणाऱ्या व काम करणाऱ्या माणसास २०० ग्रॅमची बंडी पुरे, धांवणाऱ्यास १०० ची. आणि जाडीसाठीं जो जास्तीचा पैसा द्यावयाचा तो वारा अडविणाऱ्या पातळ विंडचीटरसाठीं ठेवावा. चढ लागण्याआधीं बंडी काढावी, थांबतांच घालावी, आणि पिशवींत एक कोरडा बनियन असावा. बंडीच्याच आंत वारा अडविणारा पडदा शिवलेला प्रकारही मिळतो. तो महाग असतो व घाम कोंडतो. आमच्याकडे त्याची गरज दिसत नाहीं.

आठवडी बाजारांतील किंवा रस्त्याकडेच्या ढिगांतील बंडीवर वजनाची चिठ्ठी बहुधा नसतेच. तेथें डोळे व बोटें यांवर भिस्त ठेवावी. कापड उजेडासमोर धरून हलकें ताणावें. लवेखालची जाळी उघडी पडून उजेड भसाभस दिसला तर तें विरळ आहे. लव चिमटींत धरून ओढावी; तंतु हातांत आले तर ती बंडी एका हिंवाळ्याची सोबतीण. कापडावर कापड वीस-पंचवीस वेळां घासावें. एवढ्यांतच गोळे धरूं लागले तर दोन धुण्यांत त्याची गोधडी होईल. चेन दहा वेळां वरखालीं करून पाहावी, आणि तिच्या आंतून पट्टी आहे कीं नाहीं तें पाहावें. पट्टी नसल्यास वारा नेमका छातीवर लागतो. मग अंगांत घालून, दुकानदार हसला तरी चालेल, दोन्ही हात वर करावे व खालीं वाकून पायांच्या बोटांस शिवावें. मुंढा तंग असला तर काखेंत काचतो, फार सैल असला तर प्रत्येक हालचालीबरोबर ऊब बाहेर जाते. वाकल्यावर कंबर उघडी पडली तर ती बंडी परत द्यावी. कॉलर उभी राहणारी असावी. खिशांस चेन असली तर उत्तम, नसली तरी अडत नाहीं.

पालक मंडळी येथें एक आग्रह धरितात, तो आम्हांस समजतो. वाढतें अंग म्हणून दोन-तीन मापें मोठी बंडी घेतात. पैसा कष्टाचा असतो, त्यांस बोल लावतां येत नाहीं. परंतु पोत्यासारखी लोंबणारी बंडी प्रत्येक पावलागणीक भात्यासारखी हवा आंतबाहेर करिते. एक माप मोठी घ्यावी, त्याहून अधिक नको.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. त्याचे आईवडील ऊसतोडीस जातात. आमच्या जिल्ह्यांतून लाखों माणसें दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास घरें बंद करून साखर कारखान्यांच्या मुलखांत जातात व पाडव्याच्या आगेंमागें परततात. आमच्या वर्गांतील कित्येक मुलें त्यामुळेंच वसतिगृहांत राहतात. सहलीहून आल्यावर नाताळच्या सुटींत हा मुलगा आईवडिलांच्या कोपीवर गेला. पहाटे तीन-चार वाजतां उठून चूल पेटविणारी व उजाडण्यापूर्वीं फडांत उभी राहणारी आई पाहून त्यानें आपली बंडी तिला दिली. "लोकरीची आहे, सरांनीं सांगितलं," असेंही सांगितलें. तिच्या माहेरीं घोंगडी पांघरण्याची रीत होती. चुलीची ठिणगी घोंगडीवर पडली तर ती तेथल्या तेथें विझते, फार तर करपल्याचा वास येतो, हें तिनें जन्मभर पाहिलेलें. त्या भरंवशावर ती चुलीजवळ सरकून बसली. पाचट एकदम भडकतें. बंडीची उजवी बाजू आक्रसली, वितळली व बरगडीखालीं कातडीस चिकटली. मुलगा सुटीहून परत आला तेव्हां ती बंडी त्याच्या पिशवींत होती. जळालेल्या जागेचा कडक काळा पापुद्रा झाला होता. आईनें त्याला एवढेंच विचारलें होतें, "लोकर हाय म्हनलास, मग पाघळली कशी रं?" तिची जखम महिन्याभरानें भरली. त्या महिन्यांतील काहीं दिवस ती फडांत जाऊं शकली नाहीं, आणि न गेलेल्या दिवसाचा हिशेब मुकादमाच्या वहींत कसा लागतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

"पाघळली कशी" या प्रश्नाचें उत्तर आम्हीं डिसेंबरांत द्यावयास हवें होतें. तें आतां देतों. पॉलिएस्टर सुमारें २५० ते २६० अंशांवर वितळतें. चुलीच्या ज्वाळेची उष्णता त्याहून कितीतरी अधिक. वितळलेला रस अंगास चिकटतो व तेथेंच राहून भाजीत राहतो. लवेमुळें फ्लीसला आग लवकर लागतेही. खरी लोकर वितळत नाहीं. ती पेट घेण्यास दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि ज्वाळा दूर केली कीं बहुधा आपोआप विझते. सूत पेटतें, परंतु चिकटत नाहीं. म्हणून फ्लीस घालून चुलीशीं, शेकोटीशीं किंवा स्टोव्हशीं बसूं नये. बसणें भागच असेल तर ती आधीं काढून ठेवावी. असा अपघात झालाच, तर चिकटलेलें कापड ओढूं नये. त्यावर वीस मिनिटें साधें गार पाणी ओतीत राहावें व दवाखाना गांठावा. शाई, हळद, दंतमंजन यांतील कांहींही लावूं नये.

हातीं आलेलें कापड कशाचें आहे याचा संशय असला तर शिवणीच्या आंतून एक धागा काढावा, चिमट्यांत धरावा, खालीं पाण्याचें भांडें ठेवावें, आणि शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखत त्यास काडी लावावी. केस जळाल्याचा वास आला व चुरगळणारी राख राहिली तर लोकर. कागद जळाल्याचा वास आला तर सूत. धागा आंखडून शेवटीं कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. आमच्या प्रयोगशाळेंत आतां नववीच्या वर्गास हा प्रयोग दर हिंवाळ्यांत दाखवितों.

घोंगडीविषयीं दोन शब्द लिहिणें येथें अवश्य आहे. आमच्या भागांतील दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व बहुशः काळी. धनगरांनीं ती कातरावयाची, बायकांनीं सूत काढावयाचें, सणगरांनीं चिंचोक्याची खळ देऊन विणावयाची, अशी ही जुनी वाटणी. घोंगडी टोंचते, जड असते, भिजली तर अधिकच जड होते, आणि ती पांघरून शिडी चढतां येत नाहीं. या तिच्या उणिवा आम्ही झांकीत नाहीं. चालतांना व काम करितांना फ्लीसची बंडी तिच्याहून सरस आहे. परंतु आगीजवळ, व रात्रीं उघड्यावर एका जागीं बसावयाचें असतां, घोंगडीची सर फ्लीसला येत नाहीं. पावसांत तिची खोळ करून डोक्यावर घेणारा मेंढपाळ वाराही अडवितो. ज्यांच्या घरीं जुनी घोंगडी आहे त्यांनीं नवी बंडी आली म्हणून ती दाराशीं पायपुसण्यास टाकूं नये.

धुण्यासंबंधीं थोडक्यांत. बंडी उलटी करून गार पाण्यांत, थोड्या साबणानें, न बडवितां धुवावी. इस्त्री मुळींच करूं नये. कां, तें वर आलेंच. प्रत्येक धुण्यांत तिचे बारीक तंतु सुटतात व सांडपाण्याबरोबर वाहत जातात. ते सहजीं कुजत नाहींत. बिंदुसरा नदीस द्यावयाचें तें आपण पुष्कळ दिलें आहे, म्हणून मळेपर्यंत धुवूं नये, नुसती झटकून वाऱ्यावर टाकावी.

जळालेली बंडी आम्हीं त्या मुलाकडून मागून घेतली; ती प्रयोगशाळेच्या कपाटांत काचेमागें आहे. पथकाच्या शिल्लक पैशांतून त्याला दुसरी दिली, २०० ग्रॅमची, मुंढा व लांबी पाहून घेतलेली. ती त्यानें पुन्हां आईलाच दिली. ऊस तोडतांना पात्यांनीं अंग कापूं नये म्हणून बाया लुगड्यावर मालकाचा जुना सुती सदरा चढवितात, तो तिनें आतां या बंडीवर घातला आहे. त्यानें वाराही अडतो. पहाटे चूल पेटवितांना मात्र ती बंडी काढून कोपीच्या मेढीला अडकविते, आणि भाकरी झाल्यावर मग घालते, असें मुलानें परवां आम्हांस सांगितलें.